हॅम्लेट खरंच वेडा होता, की वेड पांघरून पेडगावला निघाला होता?

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला भाचीचा फोन. टीवायला आहे, इंग्लिश लिटरेचर, दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर. "आत्या, हॅम्लेटचं वेड खरं की खोटं ते पटकन सांग ना, दहा मार्कांना हमखास येतं." मी म्हटलं अगं चारशे वर्षं लोक त्यावर भांडतायत, पटकन काय सांगू तुला. तर म्हणे "तू नाटकवाली ना, मग एका ओळीत सांग." आता नाटकवाली म्हणजे काय, तर लग्नाआधी एका हौशी ग्रुपात प्रॉम्प्टिंग करायचे, पुस्तक हातात धरून विंगेत स्टुलावर बसायचं, कोणी अडखळलं की पुढचे शब्द हळूच सांगायचे, आणि एका वर्षी आम्ही शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधले चार प्रवेश बसवले होते, एवढीच माझी पुंजी. एका ओळीत मला काही सांगता आलं नाही, ती वैतागली आणि गाइड वाचून झोपली असणार. झोप गेली ती माझी. म्हणून हे लिहून काढतेय, ज्यांनी ते नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठीच जास्त, ज्यांनी वाचलंय त्यांनी खुशाल चुका काढाव्यात.

आधी गोष्ट, फास्टमधे

डेन्मार्कचा राजा मरतो. त्याचा मुलगा हॅम्लेट विटेनबर्गला शिकायला असतो, तो घरी येतो. दोन महिने पण झालेले नसतात आणि आईने दुसरं लग्न केलेलं असतं, तेही सख्ख्या काकाशी, आणि गादीवरही काकाच बसलाय. मग रात्री किल्ल्याच्या तटावर बापाचं भूत भेटतं आणि सांगतं की मी साप चावून मेलो ही थाप आहे, बागेत झोपलो होतो तेव्हा तुझ्या काकानेच माझ्या कानात विष ओतलं, सूड घे.

हॅम्लेट तिथल्या तिथं मित्रांना तलवारीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावतो. आज जे पाहिलं ते कुठे बोलायचं नाही. आणि पुढे म्हणतो, मला कदाचित वेडंविद्रं सोंग घ्यावं लागेल, तेव्हा तुम्ही असे हाताची घडी घालून, मान हलवून, "आम्हाला माहितेय हो, पण बोलत नाही" असलं काहीही करायचं नाही. हे मला फार आवडतं, कारण गुपित माहीत असलेला माणूस खरंच असाच वागतो, तोंडाने काही बोलत नाही पण चेहरा गावभर सांगत फिरतो.

म्हणजे पहिल्याच अंकात माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतोय की मी सोंग घेणार आहे. मग विषय संपला ना? नाही संपला, कारण पुढे चार अंक तो असा काही वागतो की सोंग कुठे संपलं आणि माणूस कुठे सुरू झाला ते बघणाऱ्याला कळेनासं होतं, आणि मला तरी वाटतं त्याला स्वतःलाही कळेनासं होतं.

गाइडमधे दोनच रकाने असतात

खरं वेड आणि खोटं वेड. घोळ इथेच सुरू होतो. शेक्सपिअरच्या काळात, म्हणजे १६०० च्या आसपास, या दोघांच्या मधे तिसरी एक गोष्ट होती, तिला मेलान्कली म्हणायचे. हा एकच जड शब्द आहे, तेवढा लक्षात ठेवा. आपल्याकडे वात, पित्त, कफ, तसे त्यांच्याकडे चार द्रव मानायचे, रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. काळं पित्त वाढलं की माणूस उदास होतो, एकटा बसतो, वाईट स्वप्नं पडतात, भास होतात, असा समज. मेलान्कली म्हणजे शब्दशः काळं पित्तच. टिमथी ब्राइट नावाच्या डॉक्टरने १५८६ मधे यावर अख्खं पुस्तक काढलं होतं, म्हणजे प्रेक्षकांना हा आजार आज आपल्याला बीपी-शुगर माहीत असते तसा माहीत होता.

आता गंमत बघा. हॅम्लेट स्वतःच हे निदान करतो. त्याला शंका येते की ते भूत कदाचित सैतान असेल, माझ्या अशक्तपणाचा आणि मेलान्कलीचा फायदा घेऊन मला फसवत असेल. दुसऱ्या एका ठिकाणी म्हणतो की हल्ली माझी सगळी मजाच गेलीय, का ते मला माहीत नाही. वाईट स्वप्नांबद्दलही बोलतो. आणि यातलं बरंचसं भुताच्या आधीपासूनचं आहे. भूत भेटायच्या आधी, सोंगाचा विचार मनात यायच्या आधी, तो एकटाच उभा राहून म्हणतो की हे शरीर विरघळून का जात नाही, आत्महत्येविरुद्ध देवाची आज्ञा नसती तर बरं झालं असतं. ते ऐकायला स्टेजवर दुसरं कोणीही नाही. सोंग करायला समोर कोणीतरी लागतं ना?

म्हणजे भान सुटणं वेगळं, भान शाबूत असून आतून सगळं विझणं वेगळं, आणि सोंग वेगळं. रकाने निदान तीन तरी हवेत.

जुन्या गोष्टीत सोंगाला कारण होतं

ही गोष्ट शेक्सपिअरने काही शून्यातून काढलेली नाही. साधारण १२०० च्या सुमारास सॅक्सो ग्रामॅटिकस नावाच्या डॅनिश माणसाने लॅटिनमधे डेन्मार्कचा इतिहास लिहिला, त्यात अमलेथ नावाच्या राजपुत्राची हकीगत आहे. काकाने भावाला मारलंय आणि ते उघड आहे, अख्ख्या राज्याला माहितेय. आता उरलाय पुतण्या. शहाणा निघाला तर सूड घेणार, म्हणून काका त्याला कधीही उडवू शकतो. मग अमलेथ वेडा होतो. अंगाला चिखल फासतो, चुलीपाशी बसून लाकडाचे आकडे तासतो आणि ते विस्तवात धरून कडक करतो. कोणी विचारलं काय करतोस रे, तर सरळ सांगतो बापाच्या सुडासाठी हत्यारं करतोय. लोक हसतात. शेवटी दरबारी दारू पिऊन लोळत पडलेले असताना भिंतीवरचे पडदे त्यांच्या अंगावर पाडतो, त्याच आकड्यांनी ते पक्के अडकवतो आणि वाड्याला आग लावतो.

हा खरा पेडगावचा माणूस. आपल्याकडे ती म्हण आहे ना, वेड पांघरून पेडगावला जायचं. श्रीगोंदा तालुक्यातल्या पेडगावला बहादूरगड आहे, तिथल्या मुघल सरदाराला मराठ्यांनी कसं चकवलं त्याची गोष्ट सांगतात, थोड्या लोकांनी चढाई केल्यासारखं करायचं, घाबरून पळ काढल्यासारखं करायचं, किल्ल्यातली फौज मागे धावत सुटली की दुसऱ्या तुकडीने आत शिरून खजिना उचलायचा. म्हणीचं मूळ खरंच तिथलं का यावर वाद घाला हवं तर, पण अर्थ स्पष्ट आहे, पेडगावच्या वेडाला काहीतरी फायदा असतो. अमलेथला होता, जीव वाचत होता.

शेक्सपिअरने काय केलं, तर ते कारणच काढून टाकलं आणि सोंग तेवढं ठेवलं. त्याच्या नाटकात खून गुप्त आहे. काका क्लॉडियसला कसलाही संशय नाही, उलट तो भर दरबारात सांगतो की हा माझा वारस आहे, इथेच राहा बाळा, शिकायला परत जाऊ नको. हॅम्लेट गप्प राहिला असता तर कोणीही त्याच्याकडे बघितलं नसतं. पण तो वेडा वागायला लागतो आणि तिथून सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर. काका त्याचे दोन शाळूसोबती बोलावून हेर म्हणून लावतो, स्वतः पडद्यामागे लपून ऐकतो, आणि शेवटी म्हणतो की मोठ्या माणसांचं वेड दुर्लक्ष करण्यासारखं नसतं. चोराने लपण्यासाठी पोलीस चौकीसमोरून ताशा वाजवत जावं तसं झालं हे.

सॅम्युअल जॉन्सन या इंग्रज समीक्षकाने १७६५ मधे हेच म्हणून ठेवलंय, की या सोंगाला पुरेसं कारणच दिसत नाही, शहाणा म्हणून जे करता आलं नसतं असं काही तो वेडा होऊन करत नाही. बरोबर आहे त्याचं. पण तो याला नाटकाची चूक समजला. मला वाटतं अख्खं नाटक त्या रिकाम्या जागेतच आहे, बाहेर कारण नाही म्हटल्यावर ते आत शोधावं लागतं.

मग सोंग कशासाठी घेतलं?

साधं उदाहरण देते. एखाद्याच्या घरात कोणीतरी गेलंय, महिना झाला, रजा संपली, ऑफिसात सगळे म्हणतायत चला आता, किती दिवस असं बसणार. एक दिवस सकाळी त्याला उठवतच नाही. "मला उठवत नाहीये" असं साहेबाला सांगायची सोय नसते, मग तो फोन करून सांगतो की ताप आलाय. ताप खोटा आहे. थर्मामीटर लावला तर पकडला जाईल. पण माणूस ठणठणीत आहे का? तापाचं सोंग त्याने घेतलंच ते दुखणं सांगता येत नव्हतं म्हणून.

हॅम्लेटचं पहिल्या दरबाराच्या सीनला नेमकं हेच चाललेलं असतं. तो एकटा काळ्या कपड्यात उभा. आई म्हणते काढ ते काळं, मरण काय सगळ्यांनाच आहे. काका म्हणतो किती दिवस सुतक पाळणार, हे बायकी वागणं झालं. आणि तो एकटा राहिल्यावर शेवटी म्हणतो की फुटू दे हे काळीज, मला तोंड बंदच ठेवावं लागणार. म्हणजे त्या घरात रडायला बंदी आहे. वेड लागायला मात्र नाही.

आणि वेड्याला अजून एक सवलत मिळते, जी आपल्याकडे शिमग्याला मिळते. त्या दिवशी पाटलाच्या नावाने बोंब मारली तरी पाटलाने मनावर घ्यायचं नसतं. हॅम्लेटने स्वतःला बारमाही शिमगा लावून घेतला. पोलोनियस म्हणून दरबारातला एक बोलघेवडा म्हातारा आहे, मुलीवर आणि मुलावर पाळत ठेवणारा, त्याला हा भर वाड्यात विचारतो की तुम्ही मासेवाले ना? पोलोनियस म्हणतो छे छे. तर म्हणतो, मग तुम्ही निदान मासेवाल्याइतके तरी प्रामाणिक असायला हवे होतात. काय वाचताय युवराज? शब्द, शब्द, शब्द. मग म्हणतो या पुस्तकात लिहिलंय की म्हाताऱ्यांच्या दाढ्या पांढऱ्या असतात, अक्कल कमी असते, आणि खेकड्यासारखं उलटं चालता आलं तर तुम्हीही माझ्याच वयाचे व्हाल. पोलोनियस बाजूला होऊन पुटपुटतो की वेड असेल, पण यात काहीतरी पद्धत आहे. त्या हेर मित्रांना तर तो सरळच सांगून टाकतो की मी फक्त वारा उत्तर-वायव्येकडून असला की वेडा असतो, दक्षिणेचा वारा सुटला की ससाणा कुठला आणि करवत कुठली हे मला बरोबर कळतं.

आपल्याकडे म्हणतात झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. तसा हा माणूस.

कानाने ओळखायची खूण

प्रॉम्प्टर लोकांना हे पटकन समजतं कारण आम्ही नाटक बघत नाही, ऐकतो. मूळ इंग्रजीत हॅम्लेट एकटा असला की छंदात बोलतो, संथ, तोललेल्या ओळी. वेड्याचं सोंग करायचं असलं की बहुतेक वेळा छंद सोडून साध्या गद्यात घुसतो. ते सगळ्यात प्रसिद्ध स्वगत, आपल्या लोकांना "जगावं की मरावं" म्हणून नटसम्राटमुळे माहीत आहे ते, पूर्ण छंदात आहे. ते संपतं न संपतं तोच ऑफेलिया समोर येते, पोलोनियसची मुलगी, जिच्यावर याचं प्रेम आहे. पहिली दोनचार वाक्यं तो तिच्याशी छंदातच बोलतो. मग ती बापाच्या सांगण्यावरून त्याच्या भेटवस्तू परत करते, आणि ओळ तुटते, "हा हा, तू सरळ आहेस का गं?" आणि तिथून पुढे गद्य, शिव्याशाप, मठात जा. गाडीचा गिअर बदलल्याचं मागे बसलेल्यालाही कळतं ना, तसं.

आणि बाहेर पडद्यामागे ऐकत बसलेला काकाही शेवटी म्हणतो की हा जे बोलला ते जरा विस्कळीत होतं, पण वेड्यासारखं नव्हतं. खुनी आहे तो, कान चांगले आहेत त्याचे.

ऑफेलिया बघा मग

खरं वेड कसं असतं ते नाटकातच दाखवलंय, हॅम्लेटच्या शेजारीच ठेवलंय, आणि गाइडवाले दोन ओळीत उरकतात त्याचा मला राग येतो. हॅम्लेटच्या हातून तिचा बाप मरतो, भाऊ परदेशात, प्रियकराला इंग्लंडला पाठवून दिलेलं. ती येते ती गाणी म्हणत. एक गाणं मेलेल्या म्हाताऱ्याचं, त्याला कफन घातलंय, दुसरं एकदम चावट, लग्नाचं वचन देऊन फसवलेल्या पोरीचं, एरवी तिच्या तोंडून हे कधी निघालं नसतं. राणी समोर आहे, राजा समोर आहे, पण ती त्यांना उद्देशून बोलत नाही, कोणालाही टोमणा मारण्यासाठी बोलत नाही. नंतर फुलं वाटते. ही रोझमेरी आठवणीसाठी, ही पॅन्सी विचारांसाठी, बडीशेप, कोलंबाइन, रू नावाची कडू वनस्पती थोडी तुला थोडी मला, एक डेझी. व्हायोलेट पण दिली असती पण बाबा गेले तेव्हा सगळी सुकली. थोड्या वेळाने ती ओढ्यात बुडून मेल्याची बातमी येते, आणि बुडतानाही ती गाणीच म्हणत होती असं राणी सांगते.

तिला वारा कुठल्या दिशेचा ते माहीत नाही. तिच्या वेडाला शिमगा माहीत नाही. परत आलेला तिचा भाऊ म्हणतो की या अर्थहीन बोलण्यात अर्थापेक्षा जास्त काहीतरी आहे, आणि आहेच, पण ते तिने ठेवलेलं नाही, सांडलंय. हॅम्लेटचं प्रत्येक वेडं वाक्य कोणाला तरी जाऊन लागतं. तिची कोणालाच नेमकी लागत नाहीत म्हणून सगळ्यांना लागतात.

शेक्सपिअरला ही जोडी इतकी जमली की पाचसहा वर्षांनी किंग लिअर या नाटकात परत वापरली. वादळात एका खोपटात खरा वेडा झालेला म्हातारा राजा आणि जीव वाचवायला वेडा भिकारी बनलेला तरुण, दोघं आमनेसामने.

पण भूत त्याला एकट्यालाच दिसतं, त्याचं काय?

हा सगळ्यात तगडा मुद्दा, आणि कोणीतरी मांडणारच. आईच्या खोलीतल्या प्रवेशात भूत परत येतं, हॅम्लेट त्याच्याशी बोलतो, आणि आईला तिथे काहीही दिसत नाही. म्हणते तू हवेशी काय बोलतोयस.

पण पहिल्या वेळी ते पहारेकऱ्यांनी पाहिलं होतं, होरेशियो नावाच्या मित्राने पाहिलं होतं, तोही आधी विश्वास न ठेवणारा, शिकलेला. चौघांना एकच भास होत नाही. आणि भुतांबद्दलची तेव्हाची समजूत अशी होती की ज्याला दिसायचं त्यालाच ते दिसतं, यात आपल्याकडच्या आजीलाही नवल वाटणार नाही. तरीही मी कबूल करते की दुसऱ्या वेळेला मुद्दाम फट ठेवलेली आहे. तुमच्या मनात शंका यावी अशीच ती व्यवस्था आहे. हॅम्लेट मात्र तिथे काय म्हणतो? नाडी बघ माझी, तुझ्याइतकीच शांत चाललीय. मी जे बोललो ते शब्दन् शब्द परत म्हणून दाखवतो, वेडा माणूस तिथे भरकटेल. मी वेडा नाही, वेड्याची चाल खेळतोय. म्हणजे तो स्वतःच टेस्ट सुचवतो, आणि तो सगळा प्रवेश छंदात आहे.

बरं, आणि खून?

त्याच प्रवेशात थोडं आधी त्याने पडद्यामागे हालचाल ऐकून, "उंदीर!" म्हणून ओरडून, न बघता तलवार खुपसलेली असते. मेला पोलोनियस. जुन्या गोष्टीत अमलेथ कोंबड्यासारखा आरवत, हात फडफडवत पेंढ्यावर नाचतो, पायाखाली कोणीतरी लागल्यावर भोसकतो, तिथे सगळं सोंगाचा भाग म्हणून. इथे सोंग कुठेच नाही. इथे एक तरुण माणूस आईवर ओरडतोय आणि त्याचा ताबा सुटलाय. नंतर प्रेत ओढत नेतो आणि कुठे ठेवलंय त्यावर विनोद करतो, किडे त्याला जेवतायत म्हणतो. पुढे ऑफेलियाच्या कबरीत उडी मारून तिच्या भावाशी झटापट करतो. ही सोंगं नाहीत, कोणाला फसवायचंय त्यात?

पण ताबा सुटणं म्हणजे वेड नाही. आणि त्याचं सगळ्यात भयंकर काम तर पूर्ण शुद्धीत आहे, इंग्लंडला जाताना त्या दोन हेर मित्रांकडचं, हॅम्लेटला ठार करा असं काकाने लिहिलेलं पत्र जहाजावर रात्री चोरून बदलतो, अक्षर घोटीव काढतो, बापाच्या शिक्क्याने परत मोहोर लावतो, आणि त्या दोघांना मरायला पाठवतो. ते होरेशियोला सांगताना आवाजसुद्धा हलत नाही. मला त्या सीनची जास्त भीती वाटते.

इंग्रज कवी कोलरिज म्हणायचा की हॅम्लेटचं वेड अर्धंच खोटं आहे, जे आपण जवळजवळ झालेलोच आहोत त्याचंच तो सोंग करतो. कवी टी. एस. एलियटने १९१९ मधे लिहिलं की वेडापेक्षा कमी आणि सोंगापेक्षा जास्त. मला यात आपले आगरकर जास्त पटतात, आणि त्यांनी तर यावर वेगळा शब्दही लिहिला नसता तरी चाललं असतं. टिळकांबरोबर १८८२ मधे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढलेल्या या माणसाने १८८३ मधे हॅम्लेट मराठीत आणलं, आणि मूळ नावात नुसतं नायकाचं नाव असताना याला नाव दिलं विकारविलसित. पुढे गणपतराव जोशींनी ती भूमिका स्टेजवर गाजवली. आता विकार हा शब्द बघा. राग, लोभ, मोह हेही विकार आणि हृदयविकार, मनोविकार हेही विकार. भावना पण तीच, आजार पण तोच, मराठीत दोघांना एकच शब्द आहे आणि तो आगरकरांनी पाटीवरच लावला. इंग्रजीतल्या गाइडला जे दोन रकाने पडतात ते या एका शब्दात पडत नाहीत.

कोर्टात उभा केला तर?

हा माझा आवडता खेळ. आपल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २२, आधीच्या आयपीसीचं ८४, म्हणतं की कृत्य करताना मन विकल असल्यामुळे आपण काय करतोय हे, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे, ज्याला कळूच शकत नव्हतं त्याला गुन्हा लागत नाही. याचं मूळ इंग्लंडमधल्या १८४३ च्या मॅक्नॉटन खटल्यात आहे. लक्षात घ्या, डॉक्टरी आजार असणं पुरत नाही, कोर्ट त्या क्षणाचं भान विचारतं, आणि ते नव्हतं हे आरोपीनेच दाखवायचं असतं.

हॅम्लेट इथे नापास. पडद्यामागे माणूस आहे हे त्याला माहीत होतं, "राजा आहे का?" असं तो लगेच विचारतो. माणूस चुकला, पण माणूस मारतोय हे कळत होतं. डिप्रेशनचं सर्टिफिकेट आणलं तरी वाचणार नाही.

म्हणूनच शेवटचा प्रवेश बोचतो. ऑफेलियाच्या भावापुढे, लेअर्टिसपुढे, हॅम्लेट सगळ्यांसमोर माफी मागतो आणि म्हणतो की तुझं वाईट हॅम्लेटने केलं नाही, हॅम्लेटच्या वेडाने केलं, ते वेड हॅम्लेटचाही शत्रूच आहे. आईला सांगितलं वेडा नाही, याला सांगितलं वेडा होतो. जॉन्सन इथे पुन्हा वैतागलाय, चांगल्या माणसाने असं खोट्याच्या आडोशाला जाऊ नये, दुसरा काहीतरी बचाव द्यायला हवा होता म्हणतो. मला काही तो पूर्ण खोटा वाटत नाही. ताप आलाय म्हणून फोन करणारा माणूस चार महिन्यांनी साहेबाला सांगतो ना, तेव्हा मी खरंच आजारी होतो हो. आता सांगा, हे खोटं की खरं?

आमच्या ग्रुपातला हॅम्लेट

ऑफेलिया एका ठिकाणी बापाला येऊन सांगते की हॅम्लेट माझ्या खोलीत आला होता, अंगरखा उघडा, डोक्यावर टोपी नाही, मळके मोजे घोट्यापर्यंत घसरलेले, माझं मनगट घट्ट धरलं, हातभर लांब उभा राहून चेहरा बघत राहिला, मग एक उसासा टाकला आणि माझ्यावरची नजर न काढता, पुढे न बघता, दारातून निघून गेला. एक शब्द बोलला नाही. हा प्रसंग प्रेक्षकांना दिसत नाही, फक्त ती सांगते. सोंग होतं का खरं होतं ते ठरवायला साक्षीदार ती एकटीच.

आमच्या ऑफेलियाला ते सांगताना जमेना, पाठ केल्यासारखं यायचं. म्हणून आमच्या दिग्दर्शकाने एका संध्याकाळी, शाळेच्या हॉलमधे, दोघांना तो प्रसंग करायलाच लावला, नाटकात नसलेला. हॅम्लेट करणारा बँकेत होता, शांत, टिफिन व्यवस्थित घडी करून परत पिशवीत ठेवणारा. त्या महिन्यात त्याचे वडील आयसीयूत होते, आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं, नंतर कळलं. तो गेला, तिचं मनगट धरलं, बघत राहिला. आम्ही सगळे गप्प. मी पुस्तक मिटलं, कारण प्रॉम्प्ट करायला शब्दच नव्हते. बऱ्याच वेळाने त्याने हात सोडला आणि मागे मागे जात हॉलच्या दारापर्यंत गेला.

मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "सॉरी गं, जोरात धरला का? अ‍ॅक्टिंग करत होतो."

तिने बाही वर केली आणि हात ट्यूबलाइटखाली धरला. चार बोटांचे वळ होते, अंगठ्याचा वेगळा.